गोळीचा हिशेब कोणी मागायचा?

२३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस चकमकींसाठी सोळा दंडक घालून दिले. ज्या खटल्यात ते दिले गेले, त्यात उत्तर द्यायचे होते महाराष्ट्र सरकारला. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ च्या आसपास चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली होती आणि त्या चकमकी खऱ्या होत्या का, असा सवाल होता. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी, बदलापूरच्या शाळेतील चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराचा आरोपी मुंब्रा बाह्यवळण रस्त्यावर पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. तळोजा कारागृहातून त्याला दुसऱ्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी नेले जात होते. त्याने एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, म्हणून स्वसंरक्षणासाठी त्याच्यावर गोळी झाडावी लागली, असे पोलिसांचे म्हणणे. एका निःशस्त्र आरोपीला गाडीतल्या पोलिसांना आवरता कसे आले नाही आणि गोळी पायावर न झाडता थेट डोक्यात कशी, असे उच्च न्यायालयाने दोनच दिवसांत विचारले.

तो आरोपी निर्दोष होता, असे आम्ही म्हणत नाही. तो दोषी होता, असेही म्हणता येत नाही, कारण ते ठरवण्याची वेळच येऊ दिली गेली नाही. बदलापूरकरांचा संताप समजण्याजोगा होता. पोटच्या मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास तिष्ठत बसवले गेले, तेव्हा २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. तो राग एका माणसापुरता नव्हता. शाळेने वेळीच काय केले, पोलिसांनी तक्रार का लांबवली, कोणाला पाठीशी घातले जात होते, हेही त्यात होते. चकमकीनंतर मात्र पेढे वाटले गेले, हातात बंदूक घेतलेल्या गृहमंत्र्यांची छबी आणि ‘बदला पुरा’ असे शब्द असलेले फलक लागले, आणि बाकीचे प्रश्न मागे पडले. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. मग त्याची उलटतपासणी होत नाही, पुरावा कसाला लागत नाही आणि ज्या मुलींच्या नावाने हा सूड साजरा झाला, त्यांच्या बाजूने न्यायालयाचा निकालही कधी लिहिला जात नाही.

या प्रकरणाचा पुढचा प्रवास अधिक बोलका आहे. कोठडीतील मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्यांनी करावी, असे कायदा सांगतो. ती झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिचा सीलबंद अहवाल उच्च न्यायालयात उघडला गेला. पाच पोलिसांनी केलेला बळाचा वापर असमर्थनीय होता आणि मृताच्या बोटांचे ठसे त्या पिस्तुलावर आढळले नाहीत, असे त्यात म्हटले होते. हे निष्कर्ष प्राथमिक आहेत आणि त्या पाच पोलिसांनाही न्यायालयात आपली बाजू मांडण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण त्यासाठी आधी गुन्हा नोंदवला जायला हवा आणि तोच नोंदवला जात नव्हता. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक असते, हे सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच स्पष्ट केले आहे. तरीही दंडाधिकाऱ्यांचा अहवाल हाती असताना सरकार आपल्या पोलिसांपुढे ढाल धरून उभे राहिले. मधल्या काळात मृताच्या आईवडिलांनी, आपल्याला हे प्रकरण पुढे न्यायचे नाही, असे न्यायालयाला सांगितले. न्यायालयाने तेवढ्यावर फाईल मिटली नाही. न्यायालयमित्र नेमून सुनावणी सुरू ठेवली आणि ७ एप्रिल २०२५ रोजी विशेष तपास पथक नेमून गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने मे महिन्यात आदेशात बदल करून पथक नेमण्याचे काम पोलीस महासंचालकांकडे सोपवले. ज्या पोलिसांवर संशय आहे, त्यांच्याच वरिष्ठांकडे तपासाची सूत्रे आली.

खरे दुखणे इथे आहे. पोलिसांच्या गोळीचा हिशेब मागण्याचे काम आपण मृताच्या नातेवाइकांवर टाकून मोकळे झालो आहोत. नातेवाईक गरीब असले, घाबरले, थकले किंवा समाजाने वाळीत टाकले की हिशेब तिथेच बुडतो. अपवाद घडतो तोही कसा, हे मुंबईतील बनावट चकमकीत मारल्या गेलेल्या लखनभैयाच्या प्रकरणाने दाखवले. ११ नोव्हेंबर २००६ रोजी त्याला वाशीतून उचलले आणि त्याच दिवशी वर्सोव्यात ठार केले. त्याचा भाऊ वकील होता. लखनभैया जिवंत असतानाच, त्याच्या जिवाला धोका असल्याच्या तारा या भावाने पोलिसांच्या वरिष्ठांना केल्या होत्या. दंडाधिकारी चौकशी, विशेष पथक, खटला ही प्रत्येक पायरी त्याला न्यायालयातून खेचून आणावी लागली. लखनभैयाबरोबर उचलला गेलेला महत्त्वाचा साक्षीदार २०११ मध्ये साक्षीच्या तोंडावर अपहरण करून मारला गेला. २०१३ मध्ये तेरा पोलिसांसह २१ जणांना शिक्षा झाली, तर अडीच वर्षांच्या आतच राज्य सरकारने त्यातल्या अकरा पोलिसांची शिक्षा स्थगित करून त्यांना बाहेर काढले. तो आदेश उच्च न्यायालयाने नंतर रद्द केला. सत्र न्यायालयातून सुटलेले चकमकफेम अधिकारी प्रदीप शर्मा यांना उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये जन्मठेप सुनावली. त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील झाले आहे. ज्याच्या घरात वकील नाही, त्याने सतरा वर्षांची ही लढाई कशी लढावी?

चकमकींचे समर्थन करणारे नेहमी न्यायालयांच्या दिरंगाईकडे बोट दाखवतात. दिरंगाई खरीच आहे, पण तिच्यावर गोळी हा इलाज नाही. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादेत बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी पहाटे घटनास्थळी नेऊन मारले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांचा आयोग नेमला. पोलिसांची हकीकत विश्वासार्ह नाही, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा आणि मारलेल्यांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असा निष्कर्ष त्या आयोगाने २०२२ मध्ये दिला. गोळी सुटेपर्यंत यातले काहीच लोकांना ठाऊक नव्हते. खटला चालला असता तर ठाऊक झाले असते, आणि खटल्याची गरज असते ती याचसाठी.

पोलिसांना स्वतःचा जीव वाचवण्याचा अधिकार आहे. कायद्याने तो प्रत्येकाला दिला आहे. सशस्त्र गुन्हेगारासमोर उभ्या असलेल्या हवालदाराने निमूटपणे मरावे, असे कोणी म्हणणार नाही. पण स्वसंरक्षणाचा दावा तपासायचा असतो, आणि तो खरा असेल तर तपासाला घाबरण्याचे कारण नसते. चकमकीनंतर गुन्हा नोंदवला जातो, पण बहुतेक वेळा तो मृताविरुद्ध, पोलिसांना मारण्याच्या प्रयत्नाचा. मग तपास मृताने काय केले याचा होतो. गोळी झाडणाऱ्याने काय केले, हे विचारायला कोणी उरत नाही.

मुंबईच्याच पोलीस दलाने आपल्याला दुसरी वाटही दाखवली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी मुंबईवर हल्ला करणाऱ्या दहशतवाद्यांपैकी अजमल कसाबची रायफल हाताने धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांच्यामुळे कसाब जिवंत सापडला. त्या क्षणी त्याला मारले असते तरी देशात कोणी हळहळले नसते. पण तो जिवंत राहिला, आर्थर रोड कारागृहातल्या विशेष न्यायालयात त्याच्यावर खटला चालला, त्याला वकील मिळाला, पुरावे तपासले गेले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात त्याला फाशी झाली. पाकिस्तानातल्या कटाचा धागा जगासमोर आला तो जिवंत पकडलेल्या आरोपीमुळे. ओंबळे यांना अशोकचक्र मिळाले. तरी त्यांच्यावर नव्हे, गुंड मन्या सुर्वेच्या १९८२ च्या चकमकीपासून सुरू झालेल्या बंदूकबाज अधिकाऱ्यांच्या परंपरेवर आपण सिनेमे काढतो. मृतांचे आकडे मिरवणाऱ्या त्या परंपरेतले काही जण पुढे स्वतःच तुरुंगात गेले, याकडे मात्र डोळेझाक करतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या दंडकांत बहुतेक उपाय आहेतच. चकमकीचा तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली करावा, शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करून त्याचे चित्रण करावे, शस्त्रे न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करावीत आणि शौर्य निःसंशय सिद्ध झाल्याशिवाय पदके किंवा बढत्या देऊ नयेत. उणीव आहे ती पाळण्याची. तपास गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला तरी तो विभाग त्याच गृहखात्याच्या हुकमतीखाली असतो. आम्हाला तीन गोष्टी ताबडतोब हव्यात. पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला की गोळी झाडणाऱ्यांविरुद्ध आपोआप गुन्हा नोंदवला जावा आणि स्वसंरक्षणाचा मुद्दा तपासात ठरावा. दंडाधिकाऱ्यांचा अहवाल सीलबंद लिफाफ्यात न ठेवता ठरावीक मुदतीत जाहीर व्हावा. आणि आरोपींची ने-आण करणाऱ्या प्रत्येक गाडीत, थेट कारागृहाच्या नियंत्रण कक्षात चित्रण पाठवणारा कॅमेरा असावा. २०१४ च्या दुरुस्तीने पोलीस कायद्यात आलेल्या तक्रार प्राधिकरणाला स्वतंत्र तपास यंत्रणा दिली, तर निदान एक दार गृहखात्याच्या बाहेर उघडेल.

यातल्या पहिल्या दोन मागण्यांसाठी नवा पैसाही लागत नाही. लागतो तो गृहखात्याचा निर्धार. बदलापूर प्रकरणात सरकारने गुन्हा नोंदवायला जितका विरोध केला, त्याच्या अर्ध्यानेही हे दंडक राबवण्यासाठी धडपड केली असती, तर मृताच्या थकलेल्या आईवडिलांनी माघार घेतल्यावर हा प्रश्न एकट्या न्यायालयाला धसास लावावा लागला नसता. पोलिसांच्या बंदुकीतली प्रत्येक गोळी जनतेच्या पैशातून येते. तिचा हिशेब देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, मग नातेवाईक तो मागोत वा न मागोत.