घरबसल्या पदवी आणि पोटापाण्याची बाब

दरवर्षी निकाल लागले म्हणजे आमच्या शाळेच्या व्हरांड्यात जे पालक येऊन उभे राहतात, त्यांत दोन प्रकार असतात. पहिल्यास मुलाने कोणत्या महाविद्यालयात जावे हे विचारावयाचे असते. दुसऱ्याच्या घरी मुलाने आता कामास लागावे हे आधीच ठरलेले असते; त्यास केवळ शिक्षकाच्या तोंडून संमती हवी असते. ह्या दुसऱ्या पालकास मी गेली पंधरा वर्षे एकच उत्तर देत आलो आहे : "कामास लागू द्या, पण मुक्त विद्यापीठात नाव घाला. शुल्क थोडे, रोजच्या वर्गाची सक्ती नाही, घरबसल्या पदवी मिळते." हे उत्तर खोटे नव्हते, परंतु अपुरे होते, आणि त्या अपुरेपणाचा भुर्दंड मला नव्हे, माझ्या विद्यार्थ्यांस बसला.

दूरस्थ शिक्षणाची थोरवी मला अमान्य आहे असे कोणी समजू नये. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या परीक्षा महाविद्यालयात न राहणाऱ्यांसही खुल्या केल्या, तेव्हापासून हा मार्ग रुंदावतच आला आहे. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद आहे, आणि ज्या घरांत पूर्वी छापील कागद म्हणजे केवळ विजेचे बिल, त्या घरांत त्याची पुस्तके गेलेली मी स्वतः पाहिली आहेत. प्रश्न गंगेचा नाही. ती ज्या घरात जाते, तेथे महिनाअखेरचे धान्य कोण भरतो, हा आहे.

शुल्काचा आकडा पाहून आपण फसतो. दुसरा एक आकडा कोणी सहसा मांडीत नाही, तो मांडतो. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या हिशेबाने एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास. आणि त्याची तीन वर्षांची कलाशाखेची पदवी १३२ श्रेयांकांची होती. म्हणजे ३९६० तास झाले. तीन वर्षांत ते बसवावयाचे तर रविवार, सणवार, ताप-खोकला काहीही न वगळता दररोज साडेतीन तासांहून अधिक वेळ पुस्तकापुढे बसले पाहिजे. सकाळी नवास दुकानाचे दार उघडून रात्री नवास ते ओढणाऱ्या मुलाने हे तास कोठून आणावे? ते एक तर झोपेतून येतात, नाही तर मजुरीतून. खरे शुल्क ते हे. त्याची पावती मात्र विद्यापीठ देत नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. वर्गात पहिल्या पाचांत असणारा मुलगा. वडील वारल्यामुळे बारावीनंतर कापडाच्या दुकानात लागला. मी त्यास मुक्त विद्यापीठात नाव घालावयास लावले, पहिल्या वर्षाचे शुल्कही मीच भरले, आणि आपण एक सत्कृत्य केले अशा समाधानात राहिलो. परीक्षा जूनमध्ये. लग्नसराईचा शेवटचा बहर चालू असता दुकानातील माणसास रजा कोण देणार? त्याने खाडे केले आणि पहिले वर्ष चांगल्या गुणांनी पार पाडले. पण पंधरा दिवसांची मजुरी कापली गेली, खोलीचे भाडे तुंबले, आणि किराण्याच्या उधारीने दिवाळी गाठली. दुसऱ्या वर्षी शुल्क पुन्हा मीच भरले. ह्या वेळी तो परीक्षेस गेलाच नाही. डिसेंबरातही बसता येते, असे मी त्यास मोठ्या शहाणपणाने सांगितले. तो हसून म्हणाला, "सर, खाडा जूनचा असो की डिसेंबरचा, पैसे तेवढेच कापतात."

ह्या वाक्याने मला माझ्याच पदवीचा विचार करावयास लावले. मीही बी. ए. बाहेरूनच झालो. तो प्रसंग मी प्रार्थनासभेनंतरच्या भाषणांतून मुलांस कितीतरी वेळा ऐकविला आहे : पहाटे चारास उठणे, कंदील, थंडी, निश्चय इत्यादी. (कंदील फक्त भारनियमनाच्या दिवशी असे, हे आता कबूल करतो.) त्या भाषणांत एक गोष्ट मी कधीच सांगितली नाही. २००१ ते २००४ ह्या काळात मी मिशनच्या बोर्डिंगात मुलांवर देखरेख करीत होतो. राहण्यास खोली होती, दोन वेळचे जेवण बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातून येई, आणि परीक्षेच्या दिवसांत माझी पाळी दुसरे गुरुजी सांभाळीत. मला पदवी मिळाली ती पहाटे उठण्याने थोडी आणि त्या भाकरीने पुष्कळ. स्वयंपाकघरातील त्या मावशी सकाळी माझ्यासाठी चहा झाकून ठेवीत. माझ्या पदवीत त्यांचे किती श्रेयांक धरावे, मला ठाऊक नाही. माझा विद्यार्थी माझ्याहून आळशी नव्हता, त्याच्यामागे बोर्डिंग नव्हते.

सरकारी दृष्टीतही हाच डोळेझाकपणा आढळतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांकरिता असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे जे नियम केंद्र सरकारने २०१० साली सुधारले, त्यांत महाविद्यालयात जाणाऱ्यास, मग तो घरी राहून का जाईना, दरमहा निर्वाहभत्ता ठेवला होता. पत्रद्वारा शिकणाऱ्यास शुल्काची परतफेड व पुस्तकांसाठी वर्षास १२०० रुपये, एवढेच. आपल्या राज्याची 'स्वाधार' योजना घ्या. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यास भोजन व निवासासाठी रोख साहाय्य देणारी ही योजना खरोखर स्तुत्य आहे; पण तीही महाविद्यालयातील हजेरीस बांधलेली. ह्या नियमांमागील समजूत अशी दिसते की, जो वर्गात बसतो त्यास भूक लागते, आणि जो घरी शिकतो त्यास केवळ पुस्तके लागतात. तो कमावतो, मग त्यास साहाय्य कशास, असे कोणी म्हणेल. तो कमावतो ते घरासाठी, आणि परीक्षेच्या महिन्यात तो तेही कमावू शकत नाही.

आपल्या समाजास ही गोष्ट पूर्वी कळत नव्हती असे नाही. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. शिकणाऱ्याचे पोट ही सात घरांची जबाबदारी असे. त्या पानावर बसण्याचा अधिकार थोड्या जातींनाच होता, ही गोष्ट माझ्यासारख्याने विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. पण व्यवस्थेचे मर्म बरोबर होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तेच मर्म सर्व जातींच्या मुलांस एका पंगतीत बसवून, आणि दयेच्या ठिकाणी श्रम आणून, रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत उतरविले. 'कमवा आणि शिका' ह्या शब्दांचा उपयोग हल्ली दूरस्थ विद्यार्थ्यास उपदेश करण्यासाठी होतो, तो मला पटत नाही. कर्मवीरांच्या मुलाचे काम, जेवण व अभ्यास एकाच छत्राखाली होते, आणि कामाची वेळ अभ्यासाकडे पाहून ठरे. दुकानातील मुलाच्या धन्यास त्याच्या पुस्तकाशी काय कर्तव्य?

मग काय करावे? एका माजी विद्यार्थिनीने मला ह्याचे उत्तर शिकविले. ती लग्नानंतर शिवणकाम करीत पदवीस बसली. राष्ट्रीय विद्यापीठ तीन वर्षांच्या पदवीस सहा वर्षांपर्यंत मुदत देते, हे तिने प्रथमच वाचून ठेवले होते. मी तिला "तीन वर्षांत उरकून टाक" असे सांगितले असता तिने ते मानले नाही, हे बरेच झाले. सहा वर्षांवर पसरले म्हणजे रोजचे तास दोनाच्याही आत येतात. परीक्षा ती डिसेंबरातच देई; कारण दिवाळीच्या शिवणाचे पैसे तेव्हा हाती असत, आणि ते ती पोलक्यांच्या कापडाखाली निराळ्या डब्यात ठेवी. परीक्षेच्या पंधरवड्यात चूल सासूबाईंनी पाहिली. एवढ्यासाठी तिने आधी सहा महिने त्यांची मर्जी राखली, असे ती हसत सांगते. पाचव्या वर्षी ती पदवीधर झाली. निर्वाहासाठी कर्ज तिने काढले नाही, आणि माझेही मत तेच आहे. शुल्कासाठी कर्ज एक वेळ समजेल. खाल्लेल्या धान्यावर व्याज भरीत शिकणे हे ज्याची मजुरी रोजाची आहे त्यास झेपणारे नव्हे.

परंतु असा हिशेब व अशा सासूबाई सर्वांच्या वाट्यास येत नाहीत, म्हणून आमच्या माजी विद्यार्थी संघापुढे मी एक सूचना ठेवतो. संघ दरवर्षी ढाली, चषक व शाली ह्यांवर बराच खर्च करतो. रोजास ४०० रुपये मिळविणारा विद्यार्थी धरला, तर परीक्षेच्या १५ दिवसांचे खाडे ६००० रुपयांत भरून निघतात. शुल्क आम्ही शिक्षक कोठून तरी उभे करतो. ह्या खाड्यांसाठी कोणी पुढे येत नाही, कारण त्याची बातमी होत नाही व छायाचित्रही निघत नाही. संघाने दरवर्षी पाच जणांचे खाडे भरावेत. शाळेचे वाचनालय रात्री सात ते दहा उघडे ठेवण्यास मुख्याध्यापकांची हरकत नाही. किल्ली मी सांभाळीन.

कापड दुकानातील त्या मुलाच्या नोंदणीची मुदत अजून दोन वर्षे आहे. पहिल्या वर्षाचे श्रेयांक त्याच्या नावावर तसेच आहेत. गेल्या आठवड्यात तो शाळेत येऊन विचारून गेला. त्याचे धनी आमच्याच शाळेचे जुने विद्यार्थी, आणि संघाचे सभासद आहेत. पुढील सोमवारी त्यांचे दुकान बंद असते. त्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बसावयाचे मी ठरविले आहे.