उरलेले कुलूप, उरलेले औषध

अमेरिकेत २००५ च्या कायद्याने परवानाधारक विक्रेत्याला पिस्तुलासोबत कुलूप द्यावे लागते. बहुतेकदा ते जाड तारेचे. घरी तिजोरी असलेल्याकडे अशी कुलपे नुसती पडून राहतात. त्यांचे काय करावे? आम्ही म्हणू, फवारणीच्या औषधाच्या पेटीला ओवा. शेतकरी तिकडेही आहेत, लेकरेही आहेत.

आपल्या घरी पिस्तूल नाही. कपाशीवर फवारून उरलेली अर्धी बाटली मात्र वळचणीला खोचलेली असते. लेकरांसाठी तिला पेटी-कुलूप हवेच. पण कर्जाने खचलेल्या माणसाला कुलूप अडवील, या भ्रमात राहू नये. किल्ली त्याच्याच करगोट्याला असते! श्रीलंकेत हजारो घरांना कुलुपाच्या पेट्या वाटून पाहिल्या. २०१७ साली निष्कर्ष आला: विष घेण्याचे प्रकार घटले नाहीत. तिथे मृत्यू घटले ते जहाल औषधांवर बंदी आल्यावर.

तेव्हा शेतकरी भावांनो, एका फवारणीपुरतेच औषध मोजून आणा. दुकानदाराने न फोडलेली बाटली परत घ्यावी आणि जहाल औषधे बाजारातूनच उठावीत, हे दोन ठराव या जिल्हा बैठकीत मांडू. कापसाच्या भावाचा ठराव त्यांच्या आधी.