जुन्या मोटारीची कुरकुर

१८३० सालीं खुला झालेला खंडाळ्याचा घाट मोटारीची परीक्षा घेतो, हें मावळांत राहणाऱ्यांस सांगणें नको. नुकतीच सर्व्हिसिंग होऊन आलेली, कुर्ल्याच्या कारखान्यांत गेल्या शतकांत बनलेली प्रीमियर पद्मिनी चढावर वाजूं लागली, कीं घरची मंडळी ‘इंजिन गेलें’ म्हणून कपाळास हात लावतात आणि मोठें खर्चाचें काम काढून बसतात. ही घाई आम्हांस मान्य नाहीं. काल नसलेला आवाज आज आला, तर मिस्त्रीचा हात जेथें लागला तेथेंच प्रथम पाहावें. त्यानें काय काय उघडलें, हें रागावण्यापूर्वीं विचारून घ्यावें.

मग कान द्यावा. गाडी उभी असतां एकसारखी टिकटिक होत असेल, तर टॅपेटचें अंतर पुन्हां मोजावें. व्हाल्व उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगानें फिरतो, म्हणून ही टिकटिक इंजिनाच्या फेऱ्यांहून संथ असते; विज्ञान शिकणाऱ्या मुलांनीं ती मोजून पाहावी, मात्र फिरत्या पंख्यापासून हात दूर ठेवून! सपाटीवर शांत असणारी गाडी चढावर कडकडते, ती बहुधा ठिणगी वेळेपूर्वीं पडल्यामुळें. डिस्ट्रिब्यूटर किंचित् मागें फिरविला कीं पुष्कळदां भागतें. सैल पट्टा चिरकतो, तो ताणावा.

परंतु तळांतून जड ठोका येऊं लागला आणि ऑइलचा दिवा पेटला, तर गाडी कडेस घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें. लोणावळा हाकेच्या अंतरावर असला तरी तेथवर ती चालवूं नये, ओढून न्यावी.