जिल्ह्याची सरासरी आणि आपले गाव
शितावरून भाताची परीक्षा होते. पण भात सारखा शिजला असेल तरच! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 707 जिल्ह्यांतील सुमारे 6 लाख 37 हजार घरे पाहिली गेली. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी 900. त्यावरून बुलढाणा जिल्ह्यातील बालकांच्या कुपोषणाचे प्रमाण बऱ्यापैकी सांगता येते. पण तेच अमडापूरचे मानू नका. निवड झालेल्या गावातही साधारण 22 घरेच घेतात. एवढ्याशा नमुन्यातून काढलेली टक्केवारी खऱ्या प्रमाणाहून वीसनेही कमीजास्त निघू शकते. जिल्ह्याच्या सरासरीआड एखाद्या गावाचे दुखणे सहज लपते. म्हणून शिक्षकांना सोबत घेऊन अंगणवाडीतील बालकांच्या वजनांचा, नावे न लिहिता, दरमहा आलेख काढा. गावाचे आरोग्य गावातच मोजले पाहिजे.