हुशार मुलाला शिक्षक लागत नाही, ही सोयीची थाप आहे

दर वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिन येतो आणि श्रीनिवास रामानुजन यांचे छायाचित्र समाजमाध्यमांवर सर्वत्र झळकते. त्याखाली बहुधा एकच तात्पर्य असते: प्रतिभा आपली वाट आपणच काढते. हे तात्पर्य साफ चुकीचे आहे, आणि आपल्या शिक्षणव्यवस्थेला ते फार सोयीचे आहे.

घडले ते असे. गणितात बुडालेल्या रामानुजन यांचे इतर विषयांकडे दुर्लक्ष झाले, म्हणून कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात त्यांची शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातूनही ते एफ.ए. परीक्षा उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. त्यांना तारले ते माणसांनी. नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव यांनी पदरचे पैसे दिले, हार्डींनी पत्राला उत्तर दिले आणि १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. यातला एक दुवा जरी निखळला असता, तरी ते नाव आज आपल्याला ठाऊक नसते. ज्यांचे दुवे निखळले, त्यांची गणती कोणी केली आहे?

आता वर्तमानाकडे वळू. १९६३ मध्ये सुरू झालेल्या विज्ञान प्रतिभाशोध योजनेतून राष्ट्रीय प्रतिभाशोध परीक्षा आकाराला आली. मार्च २०२१ नंतर त्या योजनेला पुढील मंजुरी मिळाली नाही आणि परीक्षा स्थगित झाली. १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये ‘इन्स्पायर’मध्ये विलीन करण्यात आली. २०१९ मध्ये गाजावाजा करून ‘ध्रुव’ उपक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्या तुकडीत ६० विद्यार्थी होते. देशातील शालेय विद्यार्थ्यांची संख्या २५ कोटींच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले की या ६०चा अर्थ कळतो.

परंतु माझा आक्षेप केवळ बंद पडलेल्या योजनांपुरता नाही. त्या चालू होत्या तेव्हाही त्यांचा भर निवडण्यावर होता, शिकवण्यावर नव्हता. मुलाने परीक्षा द्यायची, आपण त्याला प्रमाणपत्र आणि शिष्यवृत्ती द्यायची आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्याच वर्गात, दोन वर्षांपूर्वीच समजलेला धडा पुन्हा ऐकत बसायचे. शोध लागला, शिक्षण मात्र झालेच नाही. असे मूल कंटाळते, खोड्या काढते किंवा गप्प होते. मग शिक्षक त्याला उद्धट तरी म्हणतात, नाही तर आळशी.

कोणी म्हणेल, शिकवणीवर्ग आहेतच की! कोटा येथील हजारोंच्या वर्गात एकच प्रश्नपत्रिका सर्वांकडून अधिक वेगाने सोडवून घेतली जाते. व्यक्तिगत अध्यापन याच्या अगदी उलट असते. मुलाला काय येते ते आधी तपासायचे, जे येते ते वगळायचे आणि वाचलेला वेळ त्याच्या पुढच्या पायरीला द्यायचा. सातवीच्या मुलीला गणितापुरते नववीच्या वर्गात बसू द्यायचे, भाषेसाठी सातवीतच राहू द्यायचे. जवळच्या महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकाशी तिची महिन्यातून दोनदा गाठ घालून द्यायची. यासाठी फार पैसा लागत नाही. वेळापत्रक आणि मन थोडे सैल करावे लागते.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो प्रामाणिक आहे. ग्रामीण भारतात पाचवीतील जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नसताना हुशारांचे लाड कशाला? या प्रश्नाचे उत्तर वडोदरा आणि मुंबई येथील ‘बालसखी’ प्रयोगात आहे. बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना त्यांच्या पातळीवरून शिकवले गेले आणि त्यांची प्रगती झाली. इयत्ता पाहून नव्हे, तर पातळी पाहून शिकवा, हा त्याचा धडा. मग हे तत्त्व मागे पडलेल्यांना लागू आणि पुढे गेलेल्यांना लागू नाही, असे कोणत्या न्यायाने म्हणता येईल? दोघांचाही शत्रू एकच आहे: सरासरी मुलासाठी आखलेला आणि एकाच वेगाने हाकलेला अभ्यासक्रम.

आणि लाड कोणाचे होतात, तेही नीट पाहावे. श्रीमंताच्या हुशार मुलाला ग्रंथ, उपकरणे आणि खासगी शिक्षक घरबसल्या मिळतात. शाळेने हात झटकले की नुकसान होते ते शेतमजुराच्या, रिक्षाचालकाच्या हुशार मुलीचे. समतेच्या नावाखाली ही उपेक्षा चालवणे म्हणजे विषमतेलाच खतपाणी घालणे होय.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष प्रतिभेच्या विद्यार्थ्यांना साहाय्य द्यावे आणि बी.एड.मध्ये त्याविषयीचे विशेष प्रशिक्षण असावे, असे म्हटले आहे. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून, तर मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ऑलिंपियाडच्या निमित्ताने असे काम करत आले आहे. म्हणजे अनुभव आहे, धोरणही आहे. नाही ती अंमलबजावणी. म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. स्थगित परीक्षेचा निर्णय जाहीर करा. निवड एका लेखी परीक्षेवर न सोडता मुलाच्या स्वतःच्या भाषेत, अनेक मार्गांनी करा. एका विषयापुरते वरच्या वर्गात बसण्याची मुभा द्या. प्रत्येक तालुक्यात किमान एक प्रशिक्षित शिक्षक या कामासाठी नेमा.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनो, सरकारची वाट पाहत असतानाही एक गोष्ट आपल्या हाती आहे. जवळच्या शाळेत जा, सतत प्रश्न विचारून शिक्षकांना हैराण करणारे मूल शोधा आणि त्याला आठवड्यातला एक तास द्या. हार्डींनी एका पत्राला उत्तर दिले होते. आपल्या वाट्याचे पत्र कदाचित शेजारच्याच गल्लीत लिहिले जात असेल.