जुने डिझेल इंजिन आणि फुरसतीचा हक्क

जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन आणलेले छोटेसे पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे येऊन येथेच उतरले. पन्नास वर्षांनंतर, १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी एका जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून तोच प्रवास पुन्हा केला. कालबाह्य झालेले यंत्र पुन्हा आकाशात गेले, ते त्याची देखभाल करणारे हात आणि त्याचा खर्च सोसणारी माणसे होती म्हणूनच. त्या घटनेचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते.

पण ज्या वर्षी जुहूला विमानतळ झाला, त्याच वर्षी शेजारच्या अंधेरीहून ट्रॉम्बेकडे जाणारा सुमारे तेरा किलोमीटरचा रेल्वेमार्ग ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने सुरू केला होता. अवघ्या सहा वर्षांत, १९३४ मध्ये, तो बंद झाला. आज त्याचा मागमूसही उरलेला नाही आणि अंधेरीच्या रहिवाशांना त्याची वार्ताही नाही. एकाच काळातील या दोन वारशांपैकी एकाला स्मृती लाभली आणि दुसऱ्याला विस्मृती. विमानात बसणाऱ्यांच्या आठवणी जपायला साधने असतात. रेल्वेच्या डब्यात दाटीने बसणाऱ्यांच्या आठवणी कोणी जपायच्या, हा प्रश्न मात्र आपल्याकडे अद्याप कोणी नीटसा विचारलेलाच नाही.

तो आज विचारण्याचे कारण डिझेलचे युग आपल्या डोळ्यांदेखत संपत आहे. १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले आणि पुढील तीन दशके सव्वीसशे अश्वशक्तीच्या त्या जातीच्या इंजिनांनी या देशाचे धान्य, कोळसा, खत आणि माणसे वाहिली. २६ जानेवारी १९९८ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या कोकण रेल्वेवर तर गाडी म्हणजे डिझेलचीच गाडी होती. अंधेरी-पार्ल्याच्या चाळींतून गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याला बोगद्यात शिरणारा तो धूर आणि घाट चढतानाची ती धडधड पाठ होती. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. मध्य रेल्वेनेही आपल्या रुंदमापी मार्गांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याची घोषणा २०२३ मध्ये केली. या बदलाला विरोध करण्याचे काहीच कारण नाही. हवा स्वच्छ राहावी आणि परदेशी तेलावरील खर्च कमी व्हावा, हे इष्टच आहे. परंतु वाफेच्या इंजिनाला निदान संग्रहालयाची गादी मिळाली. डिझेलच्या वाट्याला मात्र भंगाराचा लिलाव येत आहे. यंत्रासोबत त्या यंत्राची विद्याही लिलावात निघते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

इतरत्र काय घडले, हे पाहणे उद्बोधक ठरेल. वेल्समधील टॅलिथ्लिन ही दगडी पाट्यांच्या खाणीची छोटी रेल्वे बंद पडू लागली, तेव्हा १९५० मध्ये काही नागरिकांनी संस्था स्थापन केली आणि १९५१ च्या मे महिन्यापासून स्वयंसेवकांनी ती चालवावयास घेतली. जगातील हा अशा प्रकारचा पहिलाच प्रयोग होता. १९६० च्या जून महिन्यात लीड्स येथील विद्यार्थ्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिडलटन रेल्वेवर गाडी चालविली. तिच्यापुढे वाफेचे इंजिन नव्हते; १९३२ साली बांधलेले एक डिझेल इंजिन होते. प्रमाणमापी मार्गावरील स्वयंसेवकांची पहिली प्रवासी गाडी अशा रीतीने डिझेलवर धावली आणि त्याच वर्षी त्याच मंडळींनी आसपासच्या कारखान्यांच्या मालाची वाहतूकही सुरू केली. पुढे १९७७ मध्ये ‘डेल्टिक’ जातीची तेहतीसशे अश्वशक्तीची इंजिने वाचविण्यासाठी एक संस्था उभी राहिली. त्या जातीची बावीस इंजिने बांधली गेली होती. १९८२ च्या आरंभी ती सेवेतून गेली; त्यांपैकी सहा आज शिल्लक आहेत. ब्रिटनमधील वारसा-रेल्वेंवर वीस हजारांहून अधिक स्वयंसेवक काम करतात. तिकिटे देणे, रूळ सांभाळणे, डबे रंगविणे, इंजिन उघडून पुन्हा जोडणे ही सारी कामे ते करतात. गाडी चालविणाऱ्याला मात्र नियमांची परीक्षा द्यावीच लागते.

हे काम वाटते तितके सोपे नाही. वाफेच्या इंजिनाचा पुष्कळसा भाग चांगल्या लोहाराच्या व बॉयलर-कारागिराच्या हाताने पुन्हा घडविता येतो. डिझेलचे तसे नाही. बरेच दिवस उभे राहिलेले इंजिन सुरू करण्यापूर्वी सिलिंडरमध्ये पाणी झिरपले आहे काय, हे पाहावे लागते. त्यासाठी झडपा उघडून क्रँकशाफ्ट हाताने सावकाश फिरवावा लागतो. पाणी राहिले आणि तसेच इंजिन सुरू केले, तर कनेक्टिंग रॉड वाकलाच म्हणून समजावे. वंगण तेलाचा दाब आधी चढवावा लागतो. इंधनाचे पंप न वापरल्याने अडकतात, इंजेक्टर गळू लागतात, रबराचे सील तडकतात. पावसाळी हवेत मोटारींच्या गुंडाळ्यांत ओल शिरते आणि त्यांचे विद्युतरोधन कमी होते. ते मोजून व सुकवूनच पुढे जावे लागते. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत; एका इंजिनाचे अवयव काढून दुसरे जगवावे लागते. ही सारी विद्या पुस्तकात थोडी आणि हातात फार असते. कल्याण, पुणे येथील शेडमध्ये तीस-तीस वर्षे घालविलेले फिटर, इलेक्ट्रिशियन आणि खलाशी आज निवृत्त होऊन डोंबिवली, बदलापूर, हडपसर येथे राहत आहेत. इंजिनाचा आवाज ऐकून कोणता सिलिंडर चुकतो आहे हे सांगणारा कान त्यांच्यापाशी आहे. तो कान निमाला, की कोणत्याही निधीने तो परत आणता येणार नाही.

मग आपल्याकडे असे स्वयंसेवक का निर्माण झाले नाहीत? आपल्या लोकांना यंत्राचे प्रेम नाही, असे उत्तर सुखवस्तू वर्गाकडून नेहमी दिले जाते. ते खोटे आहे. फाटकापाशी गाडी पाहत उभ्या राहणाऱ्या मुलांकडे एकदा पाहिले तरी ते खोटे ठरते. खरे उत्तर वेगळे आहे. स्वयंसेवा हे फुरसतीचे फळ आहे आणि फुरसत ही झगडून मिळवावी लागते. ब्रिटनमध्ये १९३८ साली पगारी रजेचा कायदा झाला; युद्धोत्तर काळात पाच दिवसांचा आठवडा आणि निवृत्तिवेतन सामान्य कामगाराच्याही वाट्याला आले. शनिवारी सकाळी तेलकट कपडे चढवून हौसेने इंजिनाखाली शिरणारा कारकून किंवा शिक्षक त्या कायद्यांच्या आणि त्यांमागील कामगार चळवळीच्या खांद्यावर उभा आहे, याची जाणीव त्यालाही क्वचितच असते.

आपल्याकडील इंजिनचालकाची कथा याच्या उलट आहे. डिझेल इंजिनाला वाटेत पाणी-कोळशासाठी थांबावे लागत नाही, त्यामुळे गाडीचा पल्ला वाढला. पण यंत्र थकत नाही म्हणून माणसानेही थकू नये, असा न्याय लावला गेला. चौदा-चौदा, सोळा-सोळा तासांच्या पाळ्या लोको कर्मचाऱ्यांनी सोसल्या. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या ऐतिहासिक रेल्वे संपात आठ तासांच्या कामाची मागणी अग्रभागी होती, ती काही उगाच नव्हे. तो संप निर्दयपणे चिरडला गेला, हजारोंची नोकरी गेली. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर बडतर्फ कामगारांना परत घेण्यात आले. आज पुन्हा सफाईपासून देखभालीपर्यंतची कामे कंत्राटदाराकडे जात आहेत. ज्याला उद्याच्या रोजीची शाश्वती नाही, त्याच्याकडून हौसेच्या श्रमदानाची अपेक्षा करणे ही थट्टा होय.

येथेच एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. स्वयंसेवकांचा गौरव करता करता त्यांच्या फुकट श्रमाने पगारी कामगाराची जागा भरून काढण्याचा मोह कोणत्याही प्रशासनाला होऊ शकतो. रुळांची तपासणी, सांधे, ब्रेक आणि गाडी चालविणे ही प्रवाशांच्या जिवाशी निगडित कामे आहेत. ती प्रशिक्षित, कायम आणि पुरेसे वेतन मिळणाऱ्या कामगारांकडेच राहिली पाहिजेत. नेरळ-माथेरान रेल्वेचे उदाहरण घ्या. आदमजी पीरभॉय घराण्याने १९०७ साली सुरू केलेली ही दोन फुटी मापाची, सुमारे एकवीस किलोमीटरची रेल्वे १९५६ पासून जर्मन बनावटीच्या डिझेल इंजिनांनी धावू लागली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथील वाफेची इंजिने निवृत्त झाली. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तिचा मार्ग वाहून गेला. मे २०१६ मध्ये डबे घसरल्यावर सेवा दीड वर्षाच्या आसपास खंडित झाली. २०१९ च्या पावसात पुन्हा मार्ग वाहून गेला आणि नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडले. दर वेळी दरडी उपसून रूळ पुन्हा बसविणारे हात गँगमनचेच होते. पर्यटकांच्या छायाचित्रांत ते दिसत नाहीत.

त्याच माथेरानमध्ये, मोटारींना बंदी असल्यामुळे, माणसाने माणसाला ओढून नेणाऱ्या हातरिक्षा स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षे उलटून गेली तरी चालूच राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांच्या आत बंद करण्याचा आदेश दिला आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. जे जे जुने ते ते जपण्याजोगे असते असे नाही, हा धडा त्यातून घ्यावयाचा. जुन्या इंजिनात माणसाची बुद्धी आणि कौशल्य साठलेले आहे म्हणून ते जपावे. हातरिक्षेत केवळ माणसाची लाचारी साठलेली होती.

आता दुसरे टोक पाहा. मुंबईजवळच्या पर्यटनस्थळी जाणारी रेल्वे रडतखडत का होईना, जगविली जाते. पण वऱ्हाडातील कापूस पिकविणाऱ्या गावांना जोडणारी यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही सुमारे एकशे नव्वद किलोमीटरची ‘शकुंतला’ थांबली ती थांबलीच. १९९४ पर्यंत वाफेवर आणि नंतर डिझेलवर धावलेली ही गाडी मंद होती, पण तिचे भाडे एस.टी.च्या तुलनेत अगदीच अल्प होते. शेतमजूर, भाजीवाली, तालुक्याच्या शाळेत जाणारा विद्यार्थी हे तिचे प्रवासी. त्यांनी गाडीसाठी आंदोलने केली, निवेदने दिली. त्यांची मागणी मुख्यतः संग्रहालयाची नसून धावत्या गाडीची, रुंदमापी मार्गाची आहे आणि ती सर्वस्वी न्याय्य आहे. वारशाचे नाव पुढे करून ती अडविणे हा अपराध ठरेल. परंतु मोठा मार्ग टाकताना जुन्या मार्गाचा एखादा तुकडा, एक स्थानक, एक इंजिन आणि चार डबे राखून ते गावकऱ्यांच्या हाती का देऊ नयेत?

यासाठी नव्या कल्पनेची गरज नाही. सहकाराची परंपरा याच महाराष्ट्रात रुजली आणि श्रमदानाची शिबिरे सेवादलाने याच भूमीत भरविली. इंजिन व जमीन यांची मालकी सार्वजनिकच राहावी. त्यांची निगा राखण्यासाठी निवृत्त रेल्वे कामगार, स्थानिक नागरिक आणि विद्यार्थी यांची सहकारी संस्था असावी. निवृत्त कारागिराला शिक्षक म्हणून मानधन मिळावे. त्याच्या निवृत्तिवेतनाकडे बोट दाखवून ते टाळू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलांना तेथे केलेल्या कामाचे प्रमाणपत्र मिळावे. गाडी चालविण्याचा प्रश्न रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या परवानगीनंतरचा आहे. पहिली दोन-चार वर्षे शेडमध्ये इंजिन जिवंत ठेवता आले, तरी पुष्कळ झाले. आणि तिकिटाचा दर असा असावा, की ज्या मजुराने त्या गाडीतून आयुष्यभर प्रवास केला त्याला आपल्या नातवंडांना घेऊन तेथे येता येईल. वारसा पाहायला येणाऱ्याच्या खिशावरून वारशाची किंमत ठरू लागली, तर तो वारसा कोणाचा, हे वेगळे सांगावयास नको.

कार्यकर्त्यांनी या विषयाकडे हौशी लोकांचा छंद म्हणून पाहू नये. आठ तासांचा दिवस, पगारी रजा, खात्रीचे निवृत्तिवेतन आणि कंत्राटी पद्धतीचा अंत या मागण्या केवळ पोटाच्या नाहीत. पोट भरल्यानंतर उरलेला वेळ माणसाने आपल्या आवडीच्या कामाला द्यावा, आपण घडविलेल्या यंत्रांचा इतिहास आपण सांगावा, हा अधिकार त्यांच्या पोटात दडलेला आहे. जुहूच्या धावपट्टीवर एका जुन्या विमानाला जे भाग्य लाभले, ते कल्याणच्या शेडमधील एखाद्या इंजिनाला लाभावयाचे असेल, तर त्यासाठी धनिकाच्या औदार्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मात्र तेथील निवृत्त फिटरच्या घरी जाऊन त्याला काय काय ठाऊक आहे हे लिहून घेण्याचे काम, युनियनच्या प्रत्येक शाखेने आजच हाती घ्यावयास हवे.