बाई, बोला की!

सुट्टीत कळंबला ‘स्टार वॉर्स’चा ‘द लास्ट जेडाय’ (२०१७) लावला, तर धाकटे बंधुराज भडकलेच, ‘‘ही होल्डो प्लॅन सांगत का नाही?’’

तसं बाईंचं चूक नाही. छोट्या यानांतून पळायची तयारी पायलट पोला दिसते, तो मित्रांना कळवतो, आणि शेजारचा भुरटा ते ऐकून शत्रूला विकतो!

पण १६६६ मध्ये शिवाजीमहाराज आग्र्याहून निसटले, तेही गुपचूपच ना? बखरीतला हिरोजी फर्जंद त्यांच्या जागी पलंगावर झोपला, तो काय बेत ठाऊक नसताना? ज्याच्या जिवावर बेत, त्याला विश्वासात घेतलं होतं.

पोला तपशील नकोच होता. ‘काही प्लॅन आहे, एवढं तरी सांगा,’ म्हणून तो काकुळतीला येतो. बाई त्याला आशेवर प्रवचन देतात. मग बंड होणार नाही तर काय?